नानावटी निकालाचे मराठी भाषांतर : प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

आज कामाला सुरुवात केली. गिरगावातल्या आमच्या ग्रंथालयाच्या वाचक मंडळाने नानावटी खटल्यावर कार्यक्रम करायचे ठरवले, तेव्हा मी एकच अट घातली होती. पुन्हा एकदा गोष्ट सांगायची नाही, निकाल वाचायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २४ नोव्हेंबर १९६१ च्या निकालपत्रातील मुख्य भाग मी मराठीत आणावेत आणि ऑगस्टमध्ये मंडळासमोर वाचावेत, असे ठरले. विधी शाखेचा एक विद्यार्थी मदतीला आहे. सत्र न्यायालयात अठ्ठावीस वर्षे मी साक्षीदारांच्या मराठी जबान्या इंग्रजीत नेल्या. आता प्रवास उलट दिशेने करायचा आहे.

नोंदवहीच्या पहिल्या पानासाठी प्रकरणाचा गोषवारा असा. कमांडर कावस नानावटी हे भारतीय नौदलाच्या ‘म्हैसूर’ या क्रूझर जहाजावर दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. १९४९ मध्ये इंग्लंडात पोर्टस्मथ येथे त्यांनी सिल्व्हियाशी नोंदणी विवाह केला होता आणि त्यांना तीन मुले होती. नोकरीमुळे ते दीर्घकाळ समुद्रावर असत. त्या काळात सिल्व्हियाचे मोटारींचा व्यापार करणाऱ्या प्रेम आहुजाशी संबंध जुळले. २७ एप्रिल १९५९ रोजी तिने ही गोष्ट नवऱ्याला सांगितली. त्याच दुपारी नानावटी यांनी जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली, ते नेपियन सी रोडजवळच्या सेटलवाड मार्गावरील ‘जीवन ज्योत’ इमारतीत गेले आणि तिथे आहुजा गोळ्या लागून मेला. त्यानंतर नानावटी यांनी पोलिस उपायुक्त लोबो यांच्याकडे जाऊन स्वतःला स्वाधीन केले.

१३ जून

दोन दिवस एकाच शब्दावर गेले. ‘ज्युरी’ला, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष याचा कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटाला, मराठी शब्द हवा, असा मंडळातल्या काहींचा आग्रह आहे आणि ‘पंच’ हा शब्द त्यांनी सुचवला आहे. मला तो मान्य नाही. आपल्या फौजदारी कामकाजात पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करणारा माणूस. घटनास्थळी काय दिसले, काय जप्त झाले, एवढेच तो सांगतो. कोण दोषी हे तो ठरवत नाही. नानावटी खटल्यात ज्युरीचे नऊ सदस्य होते आणि पंचनाम्याचे पंच वेगळे होते. दोघांना एकच शब्द दिला, तर वाचक पहिल्याच पानावर घोटाळ्यात पडेल.

शिवाय ‘ज्युरी’ हा शब्द मराठीला परका नाही. १९०८ मध्ये टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयातल्या ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले. त्या निर्णयानंतरही मी निर्दोषच आहे, असे टिळकांनी न्यायमूर्ती दावर यांना ऐकवले. त्यांचे ते शब्द आज त्याच न्यायालयात संगमरवरावर कोरलेले आहेत. ज्या भाषेने हा शब्द टिळकांच्या खटल्यासह शंभर वर्षांहून अधिक काळ जवळ बाळगला आहे, तिच्यात त्याला पर्याय शोधत बसण्याचे कारण नाही. ‘ज्युरी’ कायम.

१८ जून

‘नानावटी खटला हा भारतातला ज्युरीपुढचा शेवटचा खटला’ हे वाक्य आज कार्यक्रमाच्या पत्रकातून काढायला लावले. ते इतक्या ठिकाणी छापले गेले आहे की खरेच वाटते. पण ते खरे नाही. ज्युरीची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेतून गेली ती १९७३ च्या नव्या संहितेने आणि तोपर्यंत देशात काही ठिकाणी ज्युरीपुढे खटले चालतच होते. उलट बाजूने पाहिले तर ज्युरी पद्धत बंद करावी, ही शिफारस विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात १९५८ मध्येच, म्हणजे आहुजाच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी केली होती. एका देखण्या नौदल अधिकाऱ्यामुळे ज्युरी गेली, ही कल्पना चटकदार आहे, पण कालक्रम तिला आधार देत नाही.

घडले ते असे. सत्र न्यायाधीश मेहता यांच्यासमोर २३ सप्टेंबर १९५९ रोजी खटला उभा राहिला आणि २१ ऑक्टोबरला ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने ‘दोषी नाही’ असा कौल दिला. पुराव्याचा विचार करता कोणत्याही समंजस माणसांना असा कौल देता आला नसता, असे न्यायाधीशांचे मत पडले. जुन्या संहितेच्या कलम ३०७ खाली त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. न्यायमूर्ती शेलत आणि न्यायमूर्ती नाईक यांनी ११ मार्च १९६० रोजी कौल बाजूला सारून नानावटी यांना खुनाबद्दल दोषी ठरवले आणि जन्मठेप दिली. उच्च न्यायालयात सरकारची बाजू यशवंतराव चंद्रचूड यांनी मांडली. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले. सत्र न्यायालयात आरोपीची बाजू मांडणारे कार्ल खंडालावाला यांचे नाव चित्रकलेचे अभ्यासक पहाडी लघुचित्रांच्या संदर्भात आदराने घेतात.

विद्यार्थ्याने आज विचारले, “मॅडम, ३०२ लिहायचं की १०३?” गेल्या वर्षी १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ झाले आहे आणि त्याच्या पिढीला तोच आकडा तोंडपाठ होणार. भाषांतरात ३०२ च राहील. निकाल ज्या कायद्याखाली झाला, त्याच कायद्याच्या आकड्यांनी तो वाचला पाहिजे.

२९ जून

आज रविवार. रस्ते मोकळे असतील म्हणून मी आणि विद्यार्थी सकाळी धोबी तलावाला मेट्रो चित्रपटगृहासमोर भेटलो. नानावटी यांनी त्या दुपारी बायकोला आणि मुलांना साडेतीनच्या खेळासाठी इथे सोडले होते आणि सहा वाजता न्यायला येतो, असे सांगितले होते. १९३८ मध्ये उघडलेले हे चित्रपटगृह आतून पूर्ण बदलले आहे; कोपऱ्यावरचा त्याचा दर्शनी भाग मात्र ओळखू येतो.

तिथून टॅक्सीने लायन गेटपर्यंत गेलो. पुढे नौदल गोदी असल्याने आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही फुटपाथवर उभे राहून घड्याळ पाहिले. रात्री एकट्याने मोटार चालवत अहमदनगरला जायचे आहे, असे कारण सांगून त्यांनी जहाजावरून रिव्हॉल्व्हर मागून घेतले. ते तपकिरी पाकिटात ठेवून ते आधी पेडर रोडवरच्या आहुजाच्या ‘युनिव्हर्सल मोटर्स’ या दुकानात गेले, तो तिथे नव्हता, म्हणून घरी गेले. आम्हीही त्याच क्रमाने गेलो. मरीन ड्राइव्हवर पावसाची मोठी सर आली आणि केम्प्स कॉर्नरपर्यंत टॅक्सीच्या काचेतून काहीच दिसत नव्हते. सेटलवाड मार्गावर उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता. झाडांचे पाणी गळत होते आणि एक बाई कुत्र्याला फिरवत होती. इमारतींमध्ये राहणाऱ्यांना त्रास द्यायचा नाही, छायाचित्रे घ्यायची नाहीत, हे आधीच ठरले होते, त्यामुळे पाच मिनिटे थांबून आम्ही परतलो.

आमच्या घड्याळातली मिनिटे १९५९ च्या रहदारीबद्दल काहीही सिद्ध करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही जाण्याचा उपयोग झाला. कागदावर ‘तेथून ते तेथे गेले’ हे वाक्य चार शब्दांचे आहे. प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्यावर मोटार थांबते, माणूस उतरतो, कोणाशी तरी बोलतो, परत बसतो.

५ जुलै

आज माझ्याच हातची मोठी चूक सापडली आणि ती विद्यार्थ्याने दाखवली, याची नोंद करणे आवश्यक आहे.

या खटल्यातले सर्वांना माहीत असलेले एक वाक्य आहे. तू सिल्व्हियाशी लग्न करून मुलांना सांभाळशील का, असे नानावटी यांनी विचारले आणि ‘ज्या ज्या बाईबरोबर मी झोपतो, त्या प्रत्येकीशी मी लग्न करायचे काय?’ असे उत्तर आहुजाने दिले. हे वाक्य साठ वर्षे घराघरांत सांगितले गेले आहे. माझ्या वडिलांच्या तोंडून मी ते ऐकले आहे. आहुजाची जी प्रतिमा लोकांच्या मनात आहे, ती या एका वाक्यावर उभी आहे. माझ्या कच्च्या मसुद्यात मी लिहिले होते : “त्यावर आहुजा म्हणाला.”

विद्यार्थ्याने मूळ परिच्छेदावर बोट ठेवून विचारले, “मॅडम, हे कोणी ऐकलं?”

कोणीही ऐकले नाही. खोलीचे दार लोटलेले होते. आत दोनच माणसे होती आणि त्यांतले एक मिनिटभरात मेले. निकालपत्रात हे वाक्य बचाव पक्षाची हकीकत सांगताना येते; तो सगळा परिच्छेदच ‘आरोपीचे म्हणणे असे’ या चौकटीत आहे. इंग्रजीत ती चौकट एकदा घातली की पुढची दहा वाक्ये तिच्या आत राहतात, आणि सवयीच्या वाचकाला ते कळते. मी ती वाक्ये मराठीत सुटी केली आणि चौकट पहिल्याच वाक्यापाशी राहून गेली. जबानीचे भाषांतर करताना ‘साक्षीदार पुढे सांगतो की’ हे शब्द मी आयुष्यभर प्रत्येक ओळीला घालत आले. इथे घातले नाहीत, कारण ते वाक्य मला इतके ओळखीचे होते की ते कोण सांगतो आहे, हे पाहण्याची गरजच वाटली नाही.

आपल्या बोलीत यासाठी एक छोटा शब्द आहे : ‘म्हणे’. “तो असं बोलला म्हणे.” सांगणाऱ्याने स्वतः ऐकलेले नाही, एवढे त्या दोन अक्षरांत येते. निकालपत्राच्या भाषेत तो शब्द शोभणार नाही, म्हणून ‘आरोपीच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द त्या परिच्छेदातल्या प्रत्येक वाक्याला लावायचे ठरवले. वाचायला जड झाले तरी चालेल.

८ जुलै

कालच्या बैठकीनंतर मसुदा पुन्हा काढून बसले आणि त्याहून खोल गेलेली गोष्ट दिसली. माझ्या संपूर्ण मसुद्यात ‘नानावटी यांनी’ आहे आणि ‘आहुजाने’ आहे. मारणाऱ्याला आदरार्थी बहुवचन, मेलेल्याला एकेरी. सिल्व्हियाही एकेरीच. इंग्रजी निकालपत्रात हा भेद कोठेही नाही, कारण त्या भाषेत तो करताच येत नाही. मराठीत मात्र क्रियापद लिहिताना निवड करावीच लागते आणि मी विचार न करता निवड करून मोकळी झाले होते. या नोंदवहीतही तेच झाले आहे. पहिल्या दिवशी ‘आहुजा गोळ्या लागून मेला’ असे मी लिहिले आहे. मागच्या नोंदी तशाच राहू देते.

आजपासून तिघांनाही एकच रूप. आहुजा यांचे वय मृत्यूच्या वेळी चौतीसच्या सुमारास होते, ते अविवाहित होते आणि बहिणीसोबत राहत होते. आपल्या न्यायालयीन मराठीत मृताला ‘मयत’ म्हणतात. निकालपत्रातल्या इंग्रजी शब्दाचा तोच नेमका प्रतिशब्द आहे. पण चाळीस पानांत सतत ‘मयत’ वाचले की माणसाचे नाव पुसले जाते. म्हणून मूळ मजकुरात जिथे नाव आहे, तिथे नावच ठेवले आहे.

१४ जुलै

टॉवेलचा परिच्छेद आज पूर्ण झाला. लोकांनी या टॉवेलवर बरीच करमणूक करून घेतली आहे, आणि न्यायालयाने त्यावर किती गंभीरपणे विचार केला आहे, हे त्यामुळे झाकले गेले आहे.

आहुजा नुकतेच स्नान करून आले होते आणि त्यांच्या कमरेला टॉवेल गुंडाळलेला होता. इथे ‘पंचा’ लिहावे, असे एकाने सुचवले; पण पंचा म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे वेगळे घर आणि वेगळा माणूस उभा राहतो. टॉवेलच ठेवला. आरोपीच्या म्हणण्यानुसार, त्याने पाकीट जवळच्या कपाटावर ठेवले, आहुजा यांनी ते हिसकावण्यासाठी झेप घेतली, दोघांत झटापट झाली आणि झटापटीत रिव्हॉल्व्हर आपोआप उडाले. मृतदेह न्हाणीघरात सापडला, तेव्हा छातीवर, डाव्या हातावर आणि डोक्याला अशा गोळ्यांच्या जखमा होत्या आणि कमरेचा टॉवेल जागच्या जागी होता. जीव वाचवण्यासाठी दोन धडधाकट पुरुष एका शस्त्रासाठी झगडले आणि नुसता गुंडाळलेला टॉवेल सुटला नाही, हे न्यायालयाला पटले नाही.

पण निकाल केवळ टॉवेलवर उभा नाही, आणि भाषांतरात मला हेच ठळकपणे दिसायला हवे आहे. आरोपी खोलीत गेला आणि थोड्याच क्षणांत रिव्हॉल्व्हरसह बाहेर आला. शस्त्र खोटे कारण सांगून मिळवलेले होते. खाली इमारतीच्या पहारेकऱ्याला आणि नंतर पोलिसांना त्याने जे सांगितले, त्यात अपघाताचा उल्लेख नव्हता. ती हकीकत खटल्याच्या वेळी पुढे आली. या सगळ्याची एकत्र मांडणी करून न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी निष्कर्ष काढला आहे. शाबितीची जबाबदारी सरकार पक्षावर असते, हे तत्त्व त्यांनी आधी निःसंदिग्धपणे मांडले आहे. मात्र अपघात झाला, असे आरोपी म्हणत असेल, तर पुरावा अधिनियमाच्या कलम १०५ प्रमाणे तो अपवाद दाखवून देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. आणि सत्र न्यायाधीशांनी ज्युरीला हे नीट समजावून सांगितले नव्हते. आठ जणांच्या कौलाचा विचार करताना हे विसरता कामा नये. त्या आठ जणांना आपण भोळे किंवा भारावलेले ठरवतो. त्यांना कायदा अपुरा सांगितला गेला होता, हे निकालपत्रात लिहिलेले आहे.

२२ जुलै

‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ’ हा भाग हातावेगळा केला. दंड संहितेच्या कलम ३०० च्या पहिल्या अपवादानुसार, अशा प्रक्षोभात आत्मसंयमन गमावून केलेला वध हा खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. आरोपीच्याच समाजस्तरातला सर्वसाधारण समंजस माणूस त्या परिस्थितीत संयम गमावून बसला असता का, ही कसोटी न्यायालयाने घातली. शब्द आणि हावभावही प्रक्षोभक ठरू शकतात, मृताचे आधीचे वर्तनही लक्षात घेता येते, हेही मान्य केले. मात्र घाव त्या प्रक्षोभाच्या भरात पडलेला असला पाहिजे. मन शांत होण्याइतका वेळ गेल्यावर, तयारी करून घातलेला घाव या अपवादात बसत नाही. आजही विधी महाविद्यालयांत हा निकाल शिकवला जातो तो मुख्यत्वे या परिच्छेदासाठी.

दीड वाजता घर सोडल्यापासून चार वाजून वीस मिनिटांनी गोळ्या झाडेपर्यंत तीन तास गेले, असे निकालपत्र म्हणते. नेमका हिशेब दोन तास पन्नास मिनिटे होतो. मी मूळ शब्द ‘तीन तास’ असाच ठेवला आहे. वेळा त्याच वाक्यात दिलेल्या असल्याने वाचक स्वतः मोजू शकेल. हा परिच्छेद करताना लायन गेटबाहेरचा फुटपाथ पुन्हा पुन्हा आठवला.

२ ऑगस्ट

राज्यपालांचा भाग मी थोडक्यात आणला आहे. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी राज्यघटनेच्या कलम १६१ खाली ती शिक्षा अपिलाचा निकाल लागेपर्यंत स्थगित केली आणि नानावटी नौदलाच्याच ताब्यात राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे असताना राज्यपालांना असे करता येत नाही, असे घटनापीठाने ५ सप्टेंबर १९६० रोजी बहुमताने ठरवले. दरम्यान १ मे आला होता. म्हणून पहिल्या निकालाच्या शीर्षकात समोरचा पक्ष ‘मुंबई राज्य’ आहे आणि १९६१ च्या निकालात ‘महाराष्ट्र राज्य’. आपले राज्य जन्माला येत असताना हा खटला चालू होता, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते.

पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटी यांना माफी दिली. त्यासाठी आहुजा यांच्या बहिणीने लेखी संमती दिली होती. १९६८ मध्ये नानावटी कुटुंब कॅनडात स्थायिक झाले आणि २००३ मध्ये नानावटी तिथेच वारले.

करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटी यांच्या बाजूने चालवलेली मोहीम आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी कावसजी जहांगीर सभागृहात झालेली सभा, यांवर कार्यक्रमात स्वतंत्र भाग असावा, अशी सूचना होती. मी नकार दिला. त्या सभागृहात आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. ज्यांना उत्सुकता आहे, त्यांनी तिथे जाऊन इमारत जरूर पाहावी. वाचनाचा वेळ मात्र निकालपत्रालाच मिळेल. एका बाजूचा आवाज त्या वर्षी पुरेसा मोठा होता.

२३ ऑगस्ट

गणपती २७ तारखेला असल्याने वाचन आजच उरकले. बाहेर मंडपाचे बांबू ठोकण्याचा आवाज येत होता, म्हणून खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. चाळीसेक माणसे आली. प्रत्येकाला छापील प्रत दिली होती. तिच्या डाव्या समासात प्रत्येक परिच्छेदापुढे, हे कोण सांगते आहे, ते लिहिले होते : सरकार पक्ष, आरोपी, साक्षीदार, न्यायालय. ही कल्पना विद्यार्थ्याची.

बचावाच्या हकीकतीपर्यंत मी पोहोचले आणि पुढचे वाक्य उच्चारण्याआधीच तिसऱ्या रांगेतल्या एका वयस्कर गृहस्थांनी ते मोठ्याने म्हणून दाखवले. शब्दन्‌शब्द बरोबर. १९५९ मध्ये ते शाळेत होते आणि घरी रोज या खटल्याचीच चर्चा असे, असे त्यांनी सांगितले. मी थांबले. “काका, त्या ओळीच्या डावीकडे काय छापलं आहे, तेवढं वाचता का?” अशी विनंती केली.

त्यांनी चष्मा वर सरकवला, प्रत डोळ्यांजवळ नेली आणि वाचले, “आरोपी.” मग ते बराच वेळ त्याच पानाकडे पाहत राहिले. नंतर त्यांनी विचारले, “आणि आहुजांचं म्हणणं कुठल्या पानावर आहे?”